आईचं आजारपण आणि बाबांची तब्येत

प्रश्न : आई ६९ वर्षांची. स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचलाय. आता केमो बंद आहे, वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू आहेत. डॉक्टरांनी "काही महिने" असं सांगितलंय. बाबा ७४ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. मधुमेह जुना, चार वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. रामबागेतल्या घरी आईचं सगळं तेच करतात. उठवणं-बसवणं, अंग पुसणं, रात्रीच्या गोळ्या. वर्षभरात त्यांचं वजन ६८ वरून ६३ वर आलंय. मावशी म्हणते, "एकदा ती सुटली की तेही सावरतील." दादा बेंगळुरूला असतो. त्याला वाटतं, आई गेली की सहा महिन्यांत बाबाही जातील, आमच्या आजोबांचं तसंच झालं होतं. म्हणून तेराव्यानंतर लगेच त्यांना बेंगळुरूला न्यायचं म्हणतो. खरं काय समजायचं? आणि मी काय करू?
— एक मुलगी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, मावशी आणि दादा दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत.

दादाची भीती आधी आकड्यांत मोजू. १९५७ साली ब्रिटनमध्ये बायको वारलेल्या, ५५ वर्षांपुढच्या ४,४८६ पुरुषांची नऊ वर्षं नोंद ठेवली गेली. कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या सहा महिन्यांत त्यांतले २१३ जण गेले. त्याच वयाच्या, बायको हयात असलेल्या पुरुषांच्या मानाने हे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त होतं, आणि या जास्तीच्या मृत्यूंत सगळ्यात मोठा वाटा हृदयविकाराचा होता. "धक्क्याने गेला" असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की शंभरातले पंचाण्णव जण सहा महिन्यांनंतर हयात होते. स्टेंट किंवा कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्या यांपैकी काहीच हाताशी नसलेल्या काळातले ते पुरुष होते. आजोबांचं झालं म्हणून बाबांचंही होईल, हे यातून निघत नाही.

मावशीच्या म्हणण्यालाही आधार आहे. अमेरिकेत रिचर्ड शुल्झ यांच्या गटाने ६६ ते ९६ वयाच्या १२९ जणांची तब्येत जोडीदार जाण्याआधी आणि गेल्यानंतर पाहिली. २००१ मध्ये ते छापून आलं. ज्यांना शुश्रूषेचा भार झेपत नव्हता ते जोडीदार हयात असतानाच खचलेले होते. स्वतःच्या दुखण्याकडे लक्ष नाही, झोप नाही, जेवणाची वेळ नाही. मृत्यूनंतर त्यांची उदासी वाढली नाही, उलट ते स्वतःकडे बघायला लागले. ज्यांच्यावर शुश्रूषेची वेळच आली नव्हती त्यांना नंतरचा फटका जास्त बसला. त्यांची उदासी वाढली, वजनही उतरलं. मात्र मावशी एक गोष्ट विसरते. याच गटाच्या १९९९ च्या अभ्यासात, भार झेपत नसतानाही शुश्रूषा करणाऱ्यांत चार वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण ६३ टक्क्यांनी जास्त निघालं होतं. सावरायला आधी तिथवर धड पोहोचावं लागतं.

तेव्हा बाबांचा धोक्याचा काळ आईच्या शेवटच्या दिवसापासून मोजू नका. तो सुरू झालाय, वजनाच्या काट्याने ते सांगितलंय.

त्या वजनापासूनच सुरुवात करू. ६८ किलोंतले ५ किलो म्हणजे सात टक्क्यांहून जास्त. ठरवून न उतरवता वर्षभरात पाच टक्के वजन गेलं की डॉक्टरांना दाखवायचं, हा साधा नियम आहे. "काळजीने वाळलेत" हे कारण तपासण्या झाल्यानंतर मान्य करायचं, आधी नाही. वाढलेली साखर, थायरॉइड, क्षयरोग, पोटातला एखादा आजार, सगळं असंच दिसतं, आणि घरात मोठं आजारपण असलं की दुसऱ्याचा आजार महिनोन्‌महिने झाकला जातो. या आठवड्यात त्यांचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी१२, लघवीतलं प्रथिन आणि ईसीजी करून घ्या. छातीचा एक्स-रे लागेल का, तेही विचारा. बी१२ मुद्दाम लिहिलं, कारण मधुमेहाचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होतं. मग पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि सगळे म्हणतात "वय झालं."

बाबांना "तुमची तपासणी करू" म्हटलं की ते "आधी तिचं बघू" म्हणणार. म्हणून रक्त घेणाऱ्याला घरीच बोलवा, आईचे नमुने घेतानाच त्यांचेही घ्यायला सांगा. हृदयरोगतज्ज्ञांची वेळ मात्र वेगळी घ्या आणि त्या दोन तासांत आईजवळ तुम्ही बसा.

मधुमेहाच्या गोळ्यांकडे विशेष लक्ष द्या. या वयात मेटफॉर्मिनच्या जोडीला अनेकदा ग्लिमेपिराइड असतं. त्या गोळीचा डोस ठरला तेव्हा बाबा ६८ किलोंचे होते आणि दोन्ही वेळा नीट जेवत होते. आता वजन घटलंय, जेवण अर्ध्यावर आलंय. गोळी तेवढीच राहिली तर साखर खाली जाते, आणि ते जास्त करून पहाटे होतं. अंगाला घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. शुश्रूषा करणाऱ्या माणसाची चिडचिड सगळे "थकलेत बिचारे" म्हणून सोडून देतात. ग्लुकोमीटर घरात असेलच; आठवडाभर पहाटे तीनच्या आसपास, नाहीतरी ते आईच्या गोळीसाठी उठतातच, एक-दोनदा बोट टोचून बघा. ७० च्या खाली आकडा दिसला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी सुरू असेल तर छातीतली धडधड आणि थरथर झाकली जाते. तेव्हा घामावर लक्ष ठेवा.

आता रोजच्या उचलण्याबद्दल. एकट्याने काखेत हात घालून आईला वर ओढणं दोघांसाठीही वाईट. आईची हाडं आजाराने ठिसूळ झालीत, दंडाला झटका बसला तरी मोडू शकतात. बाबांची तर कंबर जाईलच. सुती चादर चारपदरी दुमडून खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवी आईच्या अंगाखाली ठेवा. ती कायम तिथेच राहू दे. वर सरकवायचं असेल तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी चादरीच्या कडा अंगाशी गुंडाळून धरायच्या, गुडघे वाकवायचे आणि "एक-दोन-तीन" म्हणून सरकवायचं, उचलायचं नाही. पलंग कमरेच्या उंचीला हवा. दवाखान्यातल्यासारखा उंची बदलणारा पलंग भाड्याने मिळतो. तो नको असेल तर चारही पायांखाली सारख्या उंचीचे, मध्ये खाच असलेले लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्या. विटा लावू नका, त्या सरकतात. दर दोन तासांनी कूस बदलायचं काम रात्रीही असतं. एअर मॅट्रेस असेल आणि कातडी कुठे लाल नसेल, तर रात्रीचं अंतर किती वाढवता येईल ते आईला बघणाऱ्या नर्सला विचारा. त्यावर बाबांची झोप ठरते.

झोपेचा हिशेब साधा आहे. तुकड्या-तुकड्यांनी सात तास मिळाले तरी सलग पाच तासांची भर त्यात येत नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री बाबांना दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपता आलं पाहिजे. एक रात्र तुमची, दोन रात्री पैसे देऊन ठेवलेल्या अटेंडंटची. दादा लांब आहे. त्याच्या वाट्याला हा खर्च द्या. भावाबहिणींच्या या वाटणीत पैशापेक्षा रुसवे जास्त असतात, म्हणून रकमेचा आकडा फोनवर नव्हे तर लिहून ठरवा. बाबा म्हणतील, "परकी बाई तिला कशी चालेल?" पहिल्या आठवड्यात बाईला दिवसा बोलवा, आईशी ओळख होऊ दे, मग रात्र द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जोडीदार गेल्यावर, विशेषतः पुरुषांची, तब्येत का ढासळते याचं मोठं उत्तर दुःखाच्या बाहेर आहे. त्यांच्या शरीराची किती कामं बायको न बोलता करत होती, हे कुणी मोजलेलंच नसतं. गोळ्यांची पट्टी संपत आली की नवी कोण आणायचं? "आज चेहरा उतरलाय, चला दाखवून येऊ" कोण म्हणायचं? मिठाचा हात कोण आखडता घ्यायचं? नातेवाइकांचे फोन कुणाच्या मोबाइलवर यायचे? हे सगळं एका दिवसात थांबतं. त्यामुळे आई आहे तोवर, तिची वेदना आवाक्यात असलेली एखादी सकाळ बघून तिच्याजवळ वही घेऊन बसा आणि तिलाच विचारा. बाबांना कोणत्या औषधाने खाज सुटली होती, कोणती गोळी ते हळूच टाळतात, साखर उतरली की त्यांचं पहिलं लक्षण कोणतं, काय केलं की दोन घास जास्त जातात, कोणत्या मित्राचं ते ऐकतात. ही माहिती कोणत्याही फाइलमध्ये नाही. आईला हे अशुभ वाटेल अशी धास्ती घेऊ नका. बहुतेक बायकांना नवऱ्याचं पुढे कसं होणार याचीच काळजी पोखरत असते, आणि ती सांगायला कुणी जागा देत नाही. ती नको म्हणाली तर मात्र वही मिटा.

वही भरली की एकेका कामाला माणूस नेमा. गोळ्यांसाठी आठवड्याचा चार-खणी डबा आणा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, असे अठ्ठावीस कप्पे. दर रविवारी तो बाबांनीच भरायचा, तुम्ही फक्त बघायचं. तुम्ही भरून दिलात तर ते दोन महिन्यांत तुमच्यावर अवलंबून राहतील आणि तुम्ही गावाला गेलात की डबा रिकामा. एखादा कप्पा वारंवार चुकतोय का, तेही यातून कळतं. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

स्वयंपाकाचंही आत्ताच. दोन लिटरचा छोटा कुकर घ्या. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेतीन वाट्या पाणी, हळद, मीठ, चार शिट्ट्या. एवढं बाबांना स्वतःला यायला हवं. पोळ्या बाई करून जाईल. त्यांच्या वजनाला दिवसाला साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिनं हवीत. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील. इंदूरच्या सकाळचे पोहे-शेव पोट भरतात पण त्यांत प्रथिन पाच-सहा ग्रॅमच. शेवेतल्या मिठाबद्दल या शहरात बोलणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, तरी स्टेंटवाल्या माणसाला ती चिमूटभरच बरी. पोह्यांत मूठभर शेंगदाणे घातले की सात ग्रॅम, वर कपभर दूध की आणखी सहा. दुपारी चार पोळ्यांतून बारा, वाटीभर घट्ट वरणातून सात, वाटीभर दह्यातून पाच. संध्याकाळी अर्ध्या वाटी डाळीच्या खिचडीतून पंधराच्या आसपास, जोडीला पन्नास ग्रॅम पनीर परतून नऊ. एवढ्यात बेरीज जुळते. एकट्या माणसाचं रात्रीचं जेवण बहुतेक चहा-बिस्किटांवर येतं आणि वजन तिथूनच गळतं, म्हणून रात्रीची खिचडी ठरलेली असू द्या.

लसीही याच महिन्यात द्या. दुःखाच्या काळात प्रतिकारशक्ती मंदावते. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात जोडीदार गमावलेल्या २६ जणांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा सहा आठवड्यांनी त्यांच्या लिम्फोसाइट या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा प्रतिसाद कमी झालेला दिसला. बाबांसाठी दरवर्षीची फ्लूची आणि न्यूमोकॉकसची, या दोन लसी डॉक्टरांना विचारून घेऊन टाका. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. आधार दाखवून बाबांचं कार्ड काढून ठेवा. अपरात्री भरती करायची वेळ आली तर धावपळ वाचते.

मग तो दिवस. २०१२ मध्ये अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्या जवळपास दोन हजार लोकांना विचारून काढलेला हिशेब असा : जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याची शक्यता एरवीच्या २१ पट होते, मग दिवसागणिक उतरते. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून लगेच दुसरा सांगतो. आधीच धोका जास्त असलेल्या साधारण ३२० माणसांमागे पहिल्या आठवड्यात एक जास्तीचा झटका, इतकंच त्याचं प्रत्यक्ष माप आहे. पण बाबा त्या जास्त धोक्याच्या रांगेत आहेत, आणि त्या दिवशी घरात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो तो दुपारी तीनला, कर्त्या पुरुषाने त्याआधी काही खाल्लेलं नसतं, गोळ्यांचा डबा कुणीतरी आवरून ठेवलेला असतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक कप साखरेचा चहा हातात दिला जातो.

याचा कागद आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या : जेवण झालं नाही तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती काही झालं तरी द्यायची. साधारणपणे ग्लिमेपिराइड जेवणाशिवाय देत नाहीत. उलट्या-जुलाब असतील किंवा पाणीही पोटात जात नसेल तर मेटफॉर्मिन थांबवतात, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर उपाशीपोटी तीही. अ‍ॅस्पिरिन आणि मेटोप्रोलॉल मात्र चुकवायची नाहीत. मेटोप्रोलॉल एकदम तुटलं की नाडी आणि प्रेशर उसळून येतात. स्टेंटवाल्याची अ‍ॅस्पिरिन बंद पडली की रक्ताची गुठळी व्हायची भीती. कागद फ्रिजवर लावा आणि त्या दिवशी बाबांच्या गोळ्यांचं काम रडारडीत नसलेल्या एका माणसाला द्या; जावई किंवा वहिनी चालेल. स्मशानातून परतल्यावर आंघोळीआधी थोडं पाणी आणि दोन घास, हे सोवळ्या-ओवळ्यापेक्षा मोठं आहे. गुरुजींना आधी सांगून ठेवलंत तर तेच सर्वांसमोर "घ्या हो" म्हणतील आणि वाद मिटेल.

छातीत दुखणं, डाव्या हातात कळ, जबड्यात ओढ, ही लक्षणं सगळ्यांना ठाऊक असतात. मधुमेह्याला मात्र नुसता घाम, धाप, मळमळ किंवा "गॅस झालाय" एवढंच होऊ शकतं. त्या दिवसांत असं काही झालं तर सोडा देत बसू नका, १०८ ला फोन करा. झटका आलाय असं वाटलं तर अ‍ॅस्पिरिनची किती मिलिग्रॅमची गोळी चघळायला द्यायची, हेही हृदयरोगतज्ज्ञांना त्याच भेटीत विचारून ठेवा. अतिदुःखाने हृदयाचा खालचा भाग फुग्यासारखा होऊन पंप मंदावतो, असाही एक आजार आहे. जपानमध्ये १९९० मध्ये त्याला ताकोत्सुबो हे नाव मिळालं. तो पाळी गेलेल्या बायकांना जास्त होतो आणि ईसीजीत झटक्यासारखाच दिसतो. त्यामुळे "नुसतं मनाचं आहे" हे घरातल्या कुणी ठरवायचं नाही.

अस्थींसाठी ओंकारेश्वरला जाणार असाल तर ती सहल बाबांच्या बेताने आखा. पहाटे निघून उपाशी, सिमरोळच्या पुढे घाटात गाडी लागणं, मग नदीपर्यंतच्या पायऱ्या, आणि शेवटी थंड पाण्यात बुडी. स्टेंटवाल्या, साखरेच्या माणसासाठी हा क्रम वाईट आहे. नाश्ता आणि गोळ्या घेऊन निघा, बुडीऐवजी नर्मदेचं पाणी अंगावर शिंपडू द्या, चढताना दर पंधरा-वीस पायऱ्यांवर थांबा. उन्हाळा असेल तर सकाळी नऊच्या आत सगळं उरका.

तेराव्यानंतर घर रिकामं होतं. बाबांच्या तब्येतीकडे सगळ्यात कमी डोळे असतात ते तिसऱ्या आठवड्यापासून पुढे. दर रविवारी गोळ्यांचा डबा भरताना वजन करा, त्याच काट्यावर, नाश्त्याआधी, आणि वहीत लिहा. महिन्यात दोन किलो उतरले तर डॉक्टरांकडे. पहिल्या महिन्यात एक आठवडा प्रेशर सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, मिनिटभराच्या अंतराने दोनदा. आठवड्याची सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर कळवायचं. चक्कर येत असेल, वरचा आकडा शंभराच्या आसपास असेल, तरीही कळवायचं. वजन उतरल्यावर जुना डोस जड होतो.

झोप लागत नाही म्हणून कुणीतरी अल्प्राझोलामची पट्टी हातावर ठेवेलच. घेऊ नका. जोडीदार गेलेल्या माणसाला, मनाचा वेगळा आजार नसेल तर, या जातीच्या गोळ्या देऊ नयेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा सल्ला आहे. ७४ व्या वर्षी त्यांनी तोल जातो, रात्री उठताना माणूस पडतो, विसरायला होतं आणि सुटता सुटत नाहीत. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी उन्हात चालायला लावा, संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. यापुढेही महिनाभर झोप नसेल तर गोळीसाठी नव्हे, निदानासाठी डॉक्टरांकडे जा.

बाबा म्हणाले की "मला तिची हाक ऐकू आली" तर घाबरून जाऊ नका. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेल्समधल्या अभ्यासात जोडीदार गेलेल्या २९३ लोकांना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्यांनी जोडीदार जवळ असल्याचा, दिसल्याचा किंवा ऐकू आल्याचा अनुभव सांगितला, आणि बहुतेकांनी तो आधी कुणालाच सांगितला नव्हता. ते वेड नाही. वेगळी गोष्ट म्हणजे, त्यांच्या गोळ्यांचा तोच कप्पा पुन्हापुन्हा चुकतो, गॅस उघडा राहतो, तोच प्रश्न दहा मिनिटांत दोनदा येतो. "आई गेल्यापासून विसरतात" असं सगळे म्हणतात, पण बरेचदा विसरणं आधीपासून असतं आणि बायको ते सांभाळून घेत असते. तीन महिन्यांनीही तसंच राहिलं तर स्मृतीची तपासणी करून घ्या.

आईची उरलेली मॉर्फिन, झोपेच्या किंवा इतर कडक गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच घरातून हलवा. मॉर्फिन जिथून मिळालं तिथेच मोजून परत करा, पावती घ्या. एकट्या पडलेल्या वृद्ध पुरुषांत जीव देण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. हे वाचायला जड आहे, पण माहीत हवं. "आता जगून काय करायचं" हे वाक्य आलं तर विषय बदलू नका, सरळ विचारा, "बाबा, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल किंवा ते गप्प राहिले, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि टेलिमानसच्या १४४१६ वर फोन लावा. तो चोवीस तास सुरू असतो. वृद्धांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालतो.

रडणं किती दिवस चालेल याला मुदत घालू नका. दुःखाचा जोर सणावाराला परत येतो, पहिल्या दिवाळीला तर हमखास. पण सहा महिने उलटूनही रोज, दिवसभर तीच ओढ राहिली, जेवण-आंघोळ-पैशाचे व्यवहार अडले, आईशिवाय आपण कोण हेच कळेनासं झालं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला लांबलेल्या शोकाचा आजार म्हटलंय. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी २०२२ मध्ये हीच मुदत बारा महिने धरली. त्यावर ठरावीक पद्धतीचे बोलण्याचे उपचार आहेत. उलट, आई गेल्यावर बाबांना हलकं वाटलं आणि त्याचीच लाज वाटू लागली, असंही होईल. रात्री पहिल्यांदा सलग झोप लागली म्हणून माणूस स्वतःला दोषी धरतो. मावशीचं वाक्य तेव्हा कामाचं. तिलाच ते बाबांना सांगू द्या.

राहिला दादाचा बेंगळुरूचा बेत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांना विमानात बसवून नेणं आम्हाला मान्य नाही. त्यांचे डॉक्टर, औषधाचं दुकान, चालायचा रस्ता, हिंदी-मराठीत बोलणारी माणसं, साहित्य सभेच्या कार्यक्रमाला शेजारच्या खुर्चीवर बसणारा मित्र, हे सगळं इंदुरात आहे. तिथे दादा-वहिनी कामावर गेल्यावर दिवसभर त्यांना लिफ्टमध्येही ओळखीचं कुणी भेटणार नाही. साखर वारंवार उतरत असेल, ते पडले असतील किंवा विसरण्यामुळे गॅसचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. मग लवकर न्या किंवा तुम्ही त्यांच्याकडे राहा. तसं काही नसेल तर निदान सहा महिने रामबागेतच राहू द्या आणि दादाने दर महिन्याला चार दिवस इथे यावं. नंतर बाबांना बेंगळुरूला घेऊन गेलात, तर तीन महिन्यांच्या गोळ्या, फ्रिजवरच्या कागदाची प्रत आणि परतीचं तिकीट त्यांच्या हातात द्या.